थवा सैलावला की समजावं

दुकानातल्या टँकमध्ये वाळू नसते, झाड नसतं, डोक्यावर पांढराफेक दिवा असतो. अशा टँकच्या एका कोपऱ्यात पन्नासेक छोटे मासे दाटीवाटीने, एकाच दिशेला तोंड करून उभे असतात. कुणी काचेवर बोट टेकवलं की अख्खा घोळका एका झटक्यात वळतो. गिऱ्हाईक भुलतं ते नेमकं याला. मग त्यातले आठ-दहा मासे घरी येतात, महिनाभरात टँकभर पांगतात, कुणी वर, कुणी पानाआड, आणि तक्रार सुरू होते: "दुकानात काय सुंदर थवा करायचे, आता करतच नाहीत!"

तक्रारीचं खरं तर काही कारण नाही. घट्ट थवा हे भ्यालेल्या माशांचं लक्षण आहे. लपायला जागा नाही, वर उजेडाचा मारा आहे, समोरून सारखी माणसं जातायत, म्हणून ते एकमेकांना चिकटून उभे असतात. घरी आल्यावर ते सैल पांगले, पण एकमेकांच्या नजरेच्या टप्प्यात राहिले, तर तुमचा टँक जमला असं खुशाल समजावं. पाणी, झाडं, उजेड, संख्या या सगळ्याची उठाठेव करायची ती माशांना निर्धास्त वाटावं एवढ्यासाठी.

थवा होतो कसा

थव्याला पुढारी नसतो. प्रत्येक मासा आजूबाजूच्या काही माशांवर लक्ष ठेवतो आणि त्यांच्यापासून ठरावीक अंतर राखतो. शेजारी वळला की तो वळतो. हे काम मुख्यतः डोळ्यांनी चालतं. जोडीला माशाच्या अंगावर दोन्ही बाजूंना संवेदनशील पेशींची एक रांग असते, तिला पार्श्वरेषा म्हणतात. पाण्यातली बारीकशी हालचालसुद्धा तिला कळते. अंधार पडला की डोळ्यांचा उपयोग संपतो आणि थवाही विस्कटतो. रात्री दिवा लावून पाहिलंत तर मासे सुटे सुटे, फिकुटलेल्या रंगात तरंगताना दिसतील. तो आजार नव्हे, ती झोप.

थव्यात राहण्याचे फायदे उघड आहेत. एकाच्या दोन डोळ्यांपेक्षा वीसजणांच्या चाळीस डोळ्यांना धोका लवकर दिसतो. हल्ला झालाच तर आपण सापडण्याची शक्यता कमी होते. शिवाय एकसारख्या दिसणाऱ्या, एकसारख्या हलणाऱ्या घोळक्यातून नेमका एक निवडताना शिकाऱ्याची नजर गोंधळते.

आणखी एक व्यवस्था आहे. कार्ल फॉन फ्रिश या शास्त्रज्ञाने १९३८ साली दाखवून दिलं, की मिनो जातीच्या माशाची कातडी फाटली तर तिच्यातून एक द्रव्य पाण्यात उतरतं आणि त्याच्या वासाने बाकीचे मासे घाबरून जवळ येतात किंवा लपतात. मधमाश्यांच्या नाचाचा अर्थ लावणारे आणि १९७३ साली नोबेल मिळवणारे ते हेच फ्रिश. टेट्रा, रासबोरा, डॅनिओ, बार्ब हे आपल्या टँकमधले बहुतेक छोटे मासे मिनोच्याच मोठ्या गटातले. म्हणून खरखरीत जाळीने एका माशाला खरचटलं, तर त्याची बातमी पाण्यातून सगळ्यांना पोचते आणि थवा तासन्‌तास बिथरलेला राहतो. मासे पकडायचेच असतील तर बारीक, मऊ जाळी आणि शांत हात हवा.

मासा कोणता घ्यावा

छोटा, शांत, थव्याने राहणारा मासा म्हटलं की बहुतेकांना निऑन टेट्रा आठवतो. दक्षिण अमेरिकेतला हा मासा १९३६ साली शास्त्रीय नावानिशी नोंदला गेला आणि तेव्हापासून जगभर लोकप्रिय आहे. आज दुकानात येतात ते बहुधा पैदास केंद्रातले. निऑनला साधारण २१ ते २५ अंशांचं पाणी मानवतं. मुंबईच्या मे महिन्यात पंख्याखालचा टँकसुद्धा ३० अंशांच्या वर जातो, विदर्भाचं तर बोलायलाच नको. अशा उकाड्यात निऑन तग धरतो, पण फुलत नाही.

आपल्या हवेत, आणि विशेषतः पहिल्यांदाच टँक ठेवणाऱ्यासाठी, माझं मत हार्लेक्विन रासबोरा या माशाच्या बाजूने पडतं. मलेशियाचं द्वीपकल्प, सिंगापूर, दक्षिण थायलंड आणि सुमात्रा हा त्याचा मुलूख. तिथल्या जंगलात पालापाचोळ्याने चहाच्या रंगाचे झालेले संथ ओढे असतात, त्यांत तो राहतो. गेऑर्ग डुंकर या शास्त्रज्ञाने १९०४ साली त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. पूर्ण वाढलेला मासा साडेचार-पाच सेंटिमीटरचा होतो. अंग तांबूस गुलाबी आणि मागच्या अर्ध्या भागावर शेपटीकडे निमुळता होत गेलेला काळा त्रिकोण. नराच्या त्रिकोणाची पुढची कड खाली टोकदार होत पुढे येते, मादीची बहुधा सरळ असते आणि तिचं पोट जरा गोल दिसतं. २२ ते २८ अंशांत तो मजेत असतो, कुणाच्या वाटेला जात नाही आणि नीट ठेवला तर पाच वर्षं सहज जगतो.

किती घ्यावेत? सहा ही कमीत कमी संख्या झाली, दहा-बारा ही योग्य. चारच मासे असले तर त्यांतला एक दादागिरी करतो, दुबळ्याला सतत हाकलतो आणि उरलेले झाडामागे दडून बसतात. बारा असले की ती कुरबुर सगळ्यांत वाटली जाते आणि कुणाच्याच अंगाशी येत नाही. पाच जातींचे दोन-दोन मासे आणण्यापेक्षा एकाच जातीचे बारा आणावेत. दुसऱ्या जातीच्या सोबतीने थव्याची गरज भागत नाही.

टँक आणि जागा

दोन फूट लांब, एक फूट रुंद, सव्वा फूट उंच हा टँक बारा हार्लेक्विनना पुरतो. वरची थोडी जागा सोडून त्यात साठेक लिटर पाणी मावतं. या माशांना खोलीपेक्षा लांबी महत्त्वाची, कारण ते आडवे पोहतात. म्हणून उंच, अरुंद, शोभेचे टँक आणि गोल बरण्या यांना इथे जागा नाही.

साठ लिटर पाणी म्हणजे साठ किलो वजन. त्यात काच, वाळू, दगड मिळवले की ऐंशी-नव्वद किलो होतात. तेव्हा टेबल डुगडुगतं नको आणि टँकखाली थर्माकोल किंवा फोमची शीट हवी, म्हणजे काचेवर एकाच जागी ताण येत नाही. थेट ऊन येणारी खिडकी टाळावी, उन्हाने पाणी तापतं आणि शेवाळ माजतं. दाराजवळ किंवा टीव्हीशेजारीही नको, सततच्या हालचालीने मासे दचकतात. मागच्या काचेला बाहेरून काळा किंवा गडद कागद लावला तर दोन कामं होतात: माशांना पाठीशी आडोसा मिळतो आणि त्यांचा रंग खुलतो.

आधी आपलं पाणी ओळखा

मुंबईला तानसा, वैतरणा, भातसा अशा धरणांमधून पाणी येतं, पुण्याला खडकवासल्यातून. हे पावसाचं, काळ्या कातळावरून वाहत आलेलं पाणी असतं, त्यामुळे त्यात क्षार कमी. असं मऊ पाणी हार्लेक्विनला मानवतं. बोअरचं पाणी बहुधा जड असतं. साबणाला फेस येत नसेल, बादलीवर नि नळावर पांढरे थर धरत असतील, तर पाणी जड आहे हे वेगळं तपासायलाही नको. अशा घरात दोन मार्ग आहेत. एक, आरओचं शुद्ध झालेलं पाणी आणि बोअरचं पाणी निम्मं-निम्मं मिसळायचं. आरओच्या दुसऱ्या नळीतून वाया जाणारं पाणी मात्र चुकूनही वापरू नये, सगळे क्षार त्यातच असतात. दुसरा मार्ग सोपा: जड पाणी चालवून घेणारा मासा निवडायचा. झेब्रा डॅनिओ त्यातला. हा आपल्या उपखंडातलाच मासा, फ्रान्सिस हॅमिल्टन या निसर्ग-अभ्यासकाने १८२२ साली गंगेच्या खोऱ्यातल्या माशांवरच्या ग्रंथात त्याची नोंद केली. चपळ, काटक आणि थव्याने राहणारा.

नगरपालिकेच्या पाण्यात क्लोरीन असतो. तो माशांचे कल्ले जाळतो आणि फिल्टरमधले उपयोगी जिवाणू मारतो. उघड्या बादलीत पाणी दिवसभर ठेवलं तर क्लोरीन उडून जातो. पण पाण्यात क्लोरीनऐवजी क्लोरामाइन असेल तर ते असं उडत नाही. म्हणून अँटिक्लोरीनचे थेंब टाकणं शहाणपणाचं. दुकानात "हायपो" म्हणून मिळणारे खडे म्हणजे सोडियम थायोसल्फेट, तेही क्लोरीनवर चालतं.

पाणी थोडं जंगलातल्या ओढ्यासारखं करायचं असेल तर आपल्याकडे एक फुकटचा उपाय आहे. मुंबई-कोकणात रस्तोरस्ती जे मोठ्या पानांचं देशी बदामाचं झाड दिसतं, त्याचं गळून पडलेलं, वाळून तपकिरी झालेलं पान धुऊन टँकमध्ये टाकायचं. साठ लिटरला दोन पानं पुरतात. हळूहळू पाण्याला चहासारखी हलकी झाक येते, उजेड मवाळ होतो आणि हार्लेक्विनचा तांबूस रंग दिसू लागतो. महिन्याभरात पान कुजून त्याची जाळी होते, मग नवं टाकायचं. ज्या झाडावर औषधफवारणी होते त्याची पानं घेऊ नयेत.

तळ, झाडं, उजेड

तळाला दोन इंच जाडीची बारीक खडी किंवा नदीची जाड वाळू टाकावी, पाणी निवळ येईपर्यंत धुऊन. रंग गडद असावा. पांढऱ्या किंवा निळ्या रंगीत खडीवर माशांना उघड्यावर आल्यासारखं वाटतं आणि ते फिके पडतात. शंख, शिंपले, संगमरवराचे तुकडे टाकू नयेत, ते विरघळून पाणी जड करतात. दगडाविषयी शंका असेल तर त्यावर व्हिनेगर टाकून पाहावं, बुडबुडे आले तर तो दगड कुंडीत ठेवावा.

झाडं लावताना सगळा टँक भरून टाकायचा नाही. मागे आणि दोन्ही बाजूंना दाट, मधे आणि पुढे मोकळं. माशांना पोहायला मैदान हवं आणि गरज पडली तर एका झेपेत गाठता येईल असा आडोसा हवा. गंमत अशी, की लपायला जागा जितकी जास्त तितके मासे कमी लपतात.

मागच्या रांगेत व्हॅलिस्नेरिया किंवा हायग्रोफिला लावावी. दोन्ही भराभर वाढतात आणि पाण्यातली घाण शोषून घेतात. लाकडाच्या ओंडक्याला जावा फर्न किंवा अनुबियास दोऱ्याने बांधावं. त्यांचा जाड आडवा खोडासारखा भाग वाळूत पुरला तर तो कुजतो, हे लक्षात ठेवावं. मधल्या भागासाठी क्रिप्टोकोरिन, म्हणजे दुकानाच्या भाषेत "क्रिप्ट", हे झाड उत्तम. हार्लेक्विन आपल्या मूळ ओढ्यात याच कुळातल्या झाडांच्या पानांखाली अंडी घालतो. या कुळातल्या काही जाती पश्चिम घाटात आणि कोकणात ओढ्यांच्या कडेलाही वाढतात. त्या उपटून आणू नयेत, नर्सरीत वाढवलेली झाडं स्वस्त मिळतात.

क्रिप्ट लावल्यावर आठवड्या-दोन आठवड्यांत त्याची पानं काचेसारखी पारदर्शक होऊन विरघळतात. नवा माणूस घाबरून झाड उपटून फेकतो. तसं करू नये. पाणी बदललं की हे झाड जुनी पानं सोडून देतं, मुळं जिवंत असतात. सडकी पानं काढून टाकावीत आणि वाट पाहावी, नव्या पाण्याला साजेशी पानं येतात.

अशा झाडांना कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर लागत नाही, महागडी मातीही लागत नाही. मुळांशी खताची गोळी पुरली की पुरे. साध्या एलईडीचा दिवा टायमरवर सहा ते आठ तास लावावा. दहा-बारा तास दिवा ठेवला तर झाडांपेक्षा शेवाळ जास्त वाढतं. पृष्ठभागावर थोडी तरंगती झाडं असली तर उजेड गाळून खाली येतो आणि मासे वरच्या थरातही निश्चिंत फिरतात.

न दिसणारं बिऱ्हाड

टँक भरला, झाडं लावली, फिल्टर सुरू झाला. आता मासे आणायचे? नाही. सगळ्यात जास्त मासे मरतात ते याच टप्प्यावरच्या घाईने.

मासे कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतात, उरलेलं अन्न कुजूनही अमोनियाच होतो. तो माशांना विष आहे, आणि पाणी जितकं गरम नि अल्कधर्मी तितका जास्त घातक. जिवाणूंचा एक गट अमोनियाचं नायट्राइट करतो. तेही विषच, त्याने माशाच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद जाते. दुसरा गट नायट्राइटचं नायट्रेट करतो. ते त्या मानाने सौम्य. झाडं ते खातात आणि उरलेलं आपण पाणी बदलून काढतो. हे जिवाणू पाण्यात कमी आणि फिल्टरच्या स्पंजवर, वाळूवर, पानांवर जास्त असतात. त्यांचं बिऱ्हाड बसायला चार ते सहा आठवडे लागतात.

या काळात रिकाम्या टँकमध्ये रोज चिमूटभर माशांचं खाणं टाकावं. ते कुजून अमोनिया तयार होतो आणि जिवाणूंना अन्न मिळतं. टेस्ट किटने आठवड्यातून दोनदा पाणी तपासावं. आधी अमोनिया चढतो, मग तो उतरतो आणि नायट्राइट चढतं, शेवटी दोन्ही शून्यावर येतात आणि नायट्रेट दिसू लागतं. तो दिवस म्हणजे टँक तयार झाल्याचा दिवस. ओळखीच्या कुणाच्या निरोगी टँकमधल्या फिल्टरचा जुना स्पंज मिळाला तर हे काम निम्म्या वेळात होतं.

फिल्टर कुठलाही चालेल. साठ लिटरला एअरपंपावर चालणारा स्पंज फिल्टर किंवा मागे टांगायचा हँगऑन फिल्टर पुरतो. हार्लेक्विन संथ पाण्यातला मासा आहे, त्यामुळे प्रवाह जोराचा नको. झाडाची पानं हलकी डुलतील इतका प्रवाह बरोबर.

मासे घरी आणण्याचा दिवस

मुंबईत क्रॉफर्ड मार्केटला जा किंवा गावातल्या दुकानात, घाई करू नका. दहा मिनिटं नुसतं बघत उभं राहा. पंख घट्ट मिटलेले, अंगावर मिठासारखे पांढरे कण, पोट आत गेलेलं, एकटाच पाण्याच्या वरच्या थरात धापा टाकणारा मासा असेल तर त्या टँकमधला एकही मासा घेऊ नये. दुकानदाराला थोडं खाणं टाकायला सांगावं. जे मासे झडप घालतात ते निरोगी.

घरी आल्यावर आधी टँकचा दिवा बंद करावा. पिशवी न उघडता पंधरा-वीस मिनिटं पाण्यावर तरंगत ठेवावी, म्हणजे दोन्हीकडचं तापमान सारखं होतं. मग पिशवीचं तोंड उघडून काठाला क्लिपने अडकवायचं आणि दर पाच मिनिटांनी छोटा कपभर टँकचं पाणी पिशवीत सोडायचं. पिशवीतलं पाणी दुप्पट झालं की मासे जाळीने उचलून टँकमध्ये सोडायचे. पिशवीतलं पाणी टँकमध्ये ओतायचं नाही, ते मोरीत. कारण त्याच्यासोबत दुकानातले रोगजंतू येतात.

पहिल्या तासात हार्लेक्विन काय करतात ते पाहण्यासारखं असतं. सगळे खाली मागच्या कोपऱ्यात जमतात, तांबूस रंग जाऊन फिके करडे दिसतात, फक्त काळे त्रिकोण तेवढे ठळक. काही वेळाने एक मासा दोन बोटं पुढे येतो आणि लगेच मागे फिरतो. मग दोन येतात. दुसऱ्या दिवशी घोळका घट्टच, पण टँकच्या मध्यावर. आठवड्याने अंतरं वाढू लागतात. दोन नर समोरासमोर येऊन पंख पसरून एकमेकांभोवती गिरक्या घेतात. ही मारामारी नव्हे, रुबाब दाखवणं आहे, आणि घाबरलेला मासा असला रुबाब कधीच करत नाही. याउलट महिन्यानंतरही मासे कोपऱ्यातच असतील तर कारण शोधावं: संख्या कमी आहे, उजेड जास्त आहे, झाडं विरळ आहेत की पाणी बिघडलंय?

बाराच्या बारा मासे एकदम आणण्यापेक्षा आधी सहा, दोन-तीन आठवड्यांनी सहा असे आणावेत, म्हणजे जिवाणूंनाही वाढायला अवधी मिळतो. दुसरी खेप दोन आठवडे वेगळ्या छोट्या टबमध्ये ठेवून मगच सोडावी.

खाणं आणि आठवड्याचं काम

हार्लेक्विनचं तोंड बारीक आणि पोट त्याहून लहान. बारीक दाण्याचं खाणं किंवा बोटांनी चुरलेले फ्लेक्स दिवसातून दोनदा, दोन मिनिटांत संपेल इतकंच द्यावं. तळाला पडलेला प्रत्येक दाणा म्हणजे उद्याचा अमोनिया. अधूनमधून आर्टेमिया, म्हणजे कोळंबीसारखे बारीक जीव, द्यावेत. बाजारातले जिवंत ट्युबिफेक्स किडे गटारातून आलेले असू शकतात, ते टाळावेत. आठवड्यातून एक दिवस उपास ठेवला तर काही बिघडत नाही, उलट पचन सुधारतं. गावाला तीन-चार दिवस जायचं असेल तर शेजाऱ्यांना खाणं टाकायला सांगू नका. प्रेमापोटी ते मूठभर टाकतात.

आठवड्यातून एकदा पाव हिस्सा पाणी बदलायचं. दिवा नि फिल्टर बंद करा. काचेवरचं शेवाळ पुसा. सायफनच्या नळीने मोकळ्या जागेतल्या तळाची घाण ओढत पंधरा लिटर पाणी बादलीत काढा. हे पाणी कुंडीतल्या झाडांना उत्तम खत. फिल्टरचा स्पंज तुंबला असेल तर त्याच काढलेल्या पाण्यात दोनदा पिळा. तो नळाखाली धुतला तर क्लोरीनने सगळं बिऱ्हाड मरतं आणि टँक पुन्हा पहिल्या दिवसावर येतो. नवं पाणी क्लोरीन काढलेलं आणि साधारण त्याच तापमानाचं, तळव्यावरून हळूहळू ओतावं. या कामाची बादली वेगळी ठेवावी, साबण लागलेली चालत नाही. सगळं मिळून अर्धा तास.

उन्हाळा, लोडशेडिंग आणि थंडी

पाणी तापलं की त्यातला प्राणवायू कमी होतो. रात्री झाडंही प्राणवायू वापरतात, त्यामुळे उन्हाळ्यात पहाटे मासे वर येऊन तोंड उघडझाप करताना दिसले तर एअरपंप लगेच सुरू करावा. टँकचं झाकण काढून जाळी ठेवली आणि पाण्यावर छोटा पंखा सोडला तर बाष्पीभवनाने दोन-तीन अंश उतरतात. उडालेल्या पाण्याची भर मऊ पाण्याने करावी, कारण वाफ उडते पण क्षार मागे राहतात.

वीज काही तास गेली तर मासे लगेच मरत नाहीत, पण फिल्टरमधले जिवाणू प्राणवायूविना गुदमरू लागतात. बॅटरीवर चालणारा एअरपंप घरात असावा. नाशिक, पुण्यासारख्या ठिकाणी डिसेंबर-जानेवारीच्या रात्री पाणी २० अंशांच्या खाली जातं, तेव्हा ५० वॉटचा थर्मोस्टॅट असलेला हीटर लागतो. तापमान एका दिवसात पाच-सहा अंश वर-खाली झालं की "इक" हा पांढऱ्या ठिपक्यांचा रोग डोकं वर काढतो. त्याचा परजीवी माशाच्या कातडीत असताना औषधाला दाद देत नाही, पाण्यात मोकळा पोहत असतानाच मरतो. म्हणून ठिपके गेले तरी औषध पाकिटावर दिलेल्या मुदतीपर्यंत चालू ठेवावं लागतं.

शेजारी कोण असावेत

खालच्या थरासाठी सहा कोरिडोरास, वरच्यासाठी हनी गुरामीची एक जोडी. हनी गुरामी हा गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातला, लाजाळू मासा. छोटी कोळंबीही चालते. टायगर बार्ब इतरांचे पंख कुरतडतो, एंजल मोठा झाला की लहान मासे गिळतो, गोल्डफिशला थंड पाणी लागतं आणि तो झाडं खातो, म्हणून हे तिघं नकोत. "मिस केरळ" देखणा खरा, पण तो केरळ-कर्नाटकातल्या पश्चिम घाटातल्या ओढ्यांचा मासा, निसर्गात संकटात आहे आणि दोन फुटी टँकच्या मानाने फार मोठा होतो. "काच साफ करतो" म्हणून गळ्यात मारला जाणारा सकर फिश तर फूटभराहून मोठा होतो.

सगळं जुळून आलं तर एखाद्या सकाळी, पाणी बदलल्याच्या दुसऱ्या दिवशी, एक गोष्ट दिसू शकते. मादी क्रिप्टच्या रुंद पानाखाली जाते आणि पोट वर करून उलटी होते. नर तिच्या बाजूला येऊन शेपटीचा भाग तिच्याभोवती वळवतो, दोघंही क्षणभर थरथरतात आणि पानाच्या खालच्या बाजूला काही पारदर्शक अंडी चिकटतात. साधारण दिवसाभरात ती फुटतात. बाकीचे मासे, आणि खुद्द आईबापही, त्यांतली बहुतेक खाऊन टाकतात. पिल्लं वाढवायची असतील तर ते पान वेगळ्या भांड्यात, अगदी मऊ पाण्यात न्यावं लागतं.

शेवटी एक कळकळीची विनंती. मासे जास्त झाले, घर बदललं, हौस फिटली, तर मासे किंवा झाडं नदीत, तळ्यात, विहिरीत सोडू नका. असेच सोडलेले सकर फिश आज भारतातल्या अनेक नद्या-तलावांत माजलेत. ते मच्छीमारांची जाळी फाडतात आणि स्थानिक माशांच्या जागा बळकावतात. दुकानदार बहुधा मासे परत घेतो, नाहीतर टँक ठेवणारा एखादा मित्र शोधा. आणि आठवड्याचा अर्धा तास नियमाने देता येणार नसेल, तर टँक विकतच घेऊ नका.